बाबा दिल्लीला काय म्हणाले

‘दिल्ली’ हा शब्द आमच्या घरात रोजचा झाला, तेव्हा मी मालवणला कॉलेजात नुकतीच जायला लागले होते. तोपर्यंत दिल्ली भूगोलाच्या पुस्तकात होती आणि रेडिओवरच्या बातम्यांत होती. आमचं घर तोंडवलीला, सुरूच्या झाडांमागे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरात आम्ही पाच माणसं. बाबा, आई, मी, बाबांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या आणि आत्याचा मुलगा मोहन. मोहन माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बाबांना सगळा गाव दाजी तांडेल म्हणायचा. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, पण आमच्याकडे होडीपेक्षा रापण मोठी होती, आणि बाबा त्या रापणीचे प्रमुख होते.

रापण म्हणजे काय, हे आता किनाऱ्यावर छत्र्या लावून बसलेल्या पर्यटकांना समजावून सांगावं लागतं. एक लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडायचं आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून साठ-सत्तर माणसांनी ओढायची. नारळीपौर्णिमा उलटली की बाबा सकाळी वाळूवर उभे राहून पाण्याकडे बघत बसायचे. बांगड्यांची झुंड आली की पाण्याचा रंग बदलतो. आम्हाला काही दिसायच्या आत बाबांना ते दिसायचं आणि ते जी आरोळी ठोकायचे, तिने आईच्या हातातलं पीठ तसंच परातीत राहायचं. सगळी वाडी पळत सुटायची. ओढताना म्हातारे ‘होऽ लेऽ’ असा सूर धरायचे. जाळं वर आलं की माशांच्या फडफडण्याचा आवाज पावसासारखा येई. मग वाळूवरच वाटे पडायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. आणि ज्या घरातला पुरुष समुद्राने नेला त्या घराचाही वाटा, मग त्या घरातून कोणी दोरीला हात लावलेला असो वा नसो. आत्या तो वाटा मान वर करून घ्यायची. ती कोणाचे उपकार मानायची नाही आणि मानावेत अशी कोणाची अपेक्षाही नसायची. दुपारी घरोघर तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा वास. सकाळच्या पेजेबरोबर त्याचाच उरलेला, आटलेला रस. आज मालवणात माझ्या फ्लॅटमध्ये मी तेच तिखलं करते, बांगडे बाजारातून आणते, आणि दर वेळी मला वाटतं, चुकतंय कुठेतरी.

पाण्याचा रंग बदलायचा, पण बाबांनी आरोळी ठोकायच्या आत तिथे मोठ्या बोटी पोचायला लागल्या, ते मी कॉलेजात जायला लागले त्याच सुमारास. परराज्यातल्या, लोखंडी पोटाच्या, ढगासारखा धूर सोडणाऱ्या. त्या समुद्राचा तळ खरवडून न्यायच्या. आधी एक यायची, मग चार-पाच यायला लागल्या. गावकरी तालुक्याला गेले तर तिथले साहेब म्हणाले, या बोटींना केंद्राचा परवाना आहे, दिल्लीला लिहा. दिल्लीला लिहिलं तर सहा महिन्यांनी उत्तर आलं, किनाऱ्याजवळचा समुद्र राज्याच्या ताब्यात आहे, मुंबईला कळवा. पुढारी येत, माईकवरून ‘दिल्लीने कोकणाच्या तोंडचा घास काढला’ म्हणत, टाळ्या घेत, आणि दुसऱ्या दिवशी बोटी परत दारात. माशांच्या निर्यातीतून देशाला परकीय चलन मिळतं, असं एकाने समजावलं तेव्हा बाबांनी विचारलं, “चलन देशाक, मग आमी खंयच्या देशातले?” तो हसला. बाबांनी ते विनोदाने विचारलंच नव्हतं.

त्या मोसमात घर गप्प झालं होतं. भांडणं नव्हती. पण आई भात शिजवताना मूठ आखडती घ्यायची आणि आत्या टोपली घेऊन बाजाराला जाण्याऐवजी दुसऱ्याची मासळी निवडायला जायची. मोहनने बोटीवर जायचं ठरवलं होतं. मासेमारीच्या नाही, मालवाहू बोटीवर, परदेशी. मुंबईतल्या एका ओळखीच्या माणसाने काम नक्की केलं होतं, फक्त पासपोर्ट यायचा होता. मी कॉलेजात हिंदी घेतलं होतं. वर्गात मी मालवणीत काही बोलले की घाटावरून आलेल्या प्राध्यापकांच्या मुली हसायच्या. मग मी ठरवलं की शुद्ध मराठी तर बोलायचीच, वर हिंदी अशी बोलायची की रेडिओवरची बाई वाटली पाहिजे. माडांखाली फिरत मी मोठमोठ्याने हिंदी वाचायचे. आत्या म्हणायची, “ह्या चेडू माडांका हिंदी शिकयता.” चेडू म्हणजे पोरगी.

एका सकाळी रापण अर्धी ओढून झाली होती आणि एक बोट सरळ तिच्यावर आली. रविवार होता, म्हणून मीही किनाऱ्यावर होते. आम्ही सगळ्यांनी ओरडून हात हलवले. बोट थांबली नाही. जाळं फाटल्याचा आवाज येत नाही, पण दोरी धरलेल्या माणसांच्या हातातून दोरी एकदम सैल पडली आणि साठ माणसं वाळूत मागे कोसळली. मग बोटही थांबली, कारण आमचाच दोर तिच्या पंख्यात गुंडाळला गेला होता. बाबा, मोहन आणि आणखी पाच जण होड्या घेऊन गेले आणि ती बोट ओढत किनाऱ्याजवळ घेऊन आले. कोणी कोणाला मारलं नाही. हे मी शपथेवर सांगेन, कारण पुढे कागदावर वेगळंच आलं.

बोटीवर आठ पोरं होती, काळवंडलेली, घाबरलेली. सगळा दिवस ती आमच्या वाळूत मांडी घालून बसून राहिली. दुपारी आत्या त्यांच्यासमोर पेजेचा टोप आपटून म्हणाली, “खावा. तुमच्या मालकाचो राग तुमच्यार कित्या काडू?” त्यांना शब्द कळला नाही, पेज कळली. त्यांच्यातल्या म्होरक्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून बाबांना दाखवला. वर तीन सिंहांचा शिक्का. बाबांनी तो माझ्या हातात दिला. मी इंग्रजी अडखळत वाचलं आणि एका ओळीवर थांबले. बोटीने किनाऱ्यापासून बारा मैलांच्या बाहेरच मासेमारी करावी, असं त्यात लिहिलेलं होतं.

“परत वाच,” बाबा म्हणाले.

मी परत वाचलं. बाबांच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेली चमक आली. “म्हणजे दिल्लीचो कागद आमच्या बाजून आसा,” ते म्हणाले. “आमका उगाच वाटला दिल्ली वाईट. दिल्लीन बरोबर लिवल्यान हा. हेंका बाहेर कोण ठेवी नाय, ह्यो घोळ आसा.”

संध्याकाळी पोलीस आले. बोट आणि कागद घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी बोट सुटली, कारण केंद्राचा परवाना असलेली बोट अडवायचा आम्हाला अधिकार नाही, असं मत्स्य खात्याने सांगितलं. आणि बाबा, मोहन आणि त्या पाच जणांवर मात्र गुन्हा दाखल झाला. जमाव, मारहाण, लूट. मालकाने तक्रार दिली होती. मालक कधी कोणी पाहिला नाही.

दोनेक महिन्यांनी बातमी आली की दिल्लीहून एक समिती किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत मच्छीमारांचं म्हणणं ऐकतेय आणि ती मालवणला येणार आहे. गावाने बोलायला बाबांना निवडलं. त्यानंतर तीन दिवसांनी, भर दुपारी, खात्याचे साहेब आमच्या घरी आले. मध्यम वयाचे, घाटावरचे, घाम पुसत आलेले. माणूस वाईट नव्हता. आईने त्यांना जेवायला बसवलं तेव्हा त्यांनी सोलकढीची दोनदा वाखाणणी केली. मी वाढत होते. मला जेवढं ऐकू आलं ते एवढंच, की समितीपुढे दुभाषी म्हणून तेच बसणार होते. मग बाबांनी मला मीठ आणायला पाठवलं. मीठ पानात होतं. मी परत आले तेव्हा दोघंही ताटाकडे बघत होते.

त्या दिवसापासून बाबा पडवीत बसून दोर वळत राहिले, ज्या दोराची गरज नव्हती तोही. गुन्ह्यातले बाकीचे सहा जण येऊन त्यांच्याशी हळू आवाजात बोलून गेले. मोहन त्यांच्यात होता. मी विचारलं तर मोहन म्हणाला, “तू आपलो अभ्यास कर.”

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. सगळ्या किनाऱ्यावरून माणसं आली होती. पुरुष पुढे, बायका मागे. व्यासपीठावर समितीचे चार जण, मध्ये अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे केस पांढरे झालेले एक बारीक गृहस्थ. त्यांच्या शेजारी आमचे साहेब. उकाडा इतका होता की टेबलावरच्या कागदांना घामाचे ठसे पडत होते. मी आई आणि आत्याच्या मधे बसले होते. बाबांचं नाव पुकारलं. ते इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे, आणि मालवणीतच बोलायला लागले.

“साहेबानूं, आमी हंय भीक मागूक नाय इलंव. आमका बर्फाची फॅक्टरी नको, मोठी इंजनां नकोत. बारा मैलांच्या आतलो दर्यो आमचो, असा तुमच्याच कागदार लिवलेला आसा. मगे तुमच्या कागदाची बोट आमच्या दारात कशी येता? ती इतकी जवळ होती की तिच्यारच्या माणसांका आमच्या माडांची झापां मोजूक येयत. तिका बाहेर घालवचा काम मुंबयचा. मुंबयक विचारला तर ती दिल्ली दाखयता. आज दिल्ली दारात इली हा, म्हणान विचारतंय. आमचो वाटो आमी कोणाकडे मागूचो?”

सभागृहात एक गुणगुण उठली. साहेबांनी घसा साफ केला आणि अध्यक्षांकडे वळून म्हणाले, “सर, ये बोल रहे हैं कि मछली कम मिल रही है. बर्फ का कारखाना चाहिए, इंजन के लिए मदद चाहिए. केंद्र सरकार से प्रार्थना करते हैं.”

अध्यक्षांनी मान हलवली आणि लिहून घ्यायला पेन उचललं.

“काय म्हणालो तो?” आत्याने मला कोपराने ढोसलं.

मी सांगितलं. आत्याचा चेहरा लाल झाला. “आणि तू बसान रवलंस? माडांका हिंदी शिकयलंस ता कित्या?” ती मला उठवत होती, आणि दुसऱ्या बाजूने आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. “बस खाली,” आई म्हणाली. “शालू, तुका माजी शपथ आसा, बस.” मला वाटलं, आई भित्री आहे. आयुष्यात मी आईबद्दल इतकी चुकीची समजूत पुन्हा कधी करून घेतली नाही. मी मनगट सोडवून घेतलं आणि उभी राहिले.

“सर,” मी म्हणाले, आणि आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले, “मेरे पिताजी ने यह नहीं कहा.”

सगळ्या माना मागे वळल्या. मी सगळं सांगितलं. परवान्यातली ओळ सांगितली, माडांच्या झावळ्या सांगितल्या, मुंबई आणि दिल्ली सांगितली. फक्त ‘वाटो’ला मी अडले. शेवटी ‘हिस्सा’ म्हणाले. पुढे तीस वर्षं मी हायस्कूलात हिंदी शिकवलं, आणि दोरीला हात न लावणाऱ्या विधवेलाही जो मिळतो त्या वाट्याला हिंदीत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही.

साहेब उठून म्हणाले की ही लहान मुलगी आहे, उत्साहात काहीतरी बोलते. अध्यक्षांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते बोलले तेव्हा मला धक्का बसला, कारण त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा मोडकं होतं. तेही कुठल्यातरी दूरच्या किनाऱ्यावरचेच असावेत. “बेटी, आपका पिताजी है? पूछो उनको. आप जो बोला, वही उन्होंने बोला?”

मी तो प्रश्न बाबांना मालवणीत विचारला आणि त्यांच्याकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. ते साहेबांकडे पाहत होते आणि साहेबांनी मान किंचित हलवली, नाही म्हणा अशी. पुढच्या रांगेत मोहन डोकं खाली घालून बसला होता. मला कळत नव्हतं की एवढ्या साध्या प्रश्नाला बाबांना एवढा वेळ का लागतोय. मी काही खोटं तर नाही ना बोलले, असं मलाच वाटायला लागलं.

“होय,” बाबा शेवटी म्हणाले. “माज्या चेडवान सांगल्यान ता खरा आसा. शब्द नि शब्द.”

अध्यक्षांनी लिहिलेलं पान फाडलं आणि नव्या पानावर सुरुवात केली. मग त्यांनी बाबांना बरंच विचारलं. किती खोलीत, कुठल्या खुणेवरून, किती वेळा. मी सांगत राहिले. बाकीच्या गावांचे लोकही मग मलाच बोलवायला लागले. दुपार टळेपर्यंत मी उभीच होते. साहेब आपले कागद चाळत बसून होते. निघताना पायरीवर ते माझ्याजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, “पोरी, बोटी आत येतात असं मी लिहून दिलं तर पहिला प्रश्न मलाच येतो, तू काय करत होतास? माझ्याकडे गस्तीची एक बोट आहे, तीही दुरुस्तीला. मीही पोटासाठीच बसलोय तिथे.” तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही. मात्र ते खोटं बोलले, हे मी अजूनही खोटंच म्हणते.

परतीच्या एसटीत मला वाटलं होतं बाबा काहीतरी बोलतील, निदान पाठीवर हात ठेवतील. ते खिडकीबाहेर बघत राहिले. घराच्या वाटेवर, आई आणि आत्या पुढे गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. त्या दुपारी साहेबांनी जेवता जेवता वचन दिलं होतं. समितीपुढे बोटी आत येण्याचा विषय निघाला नाही, तर सातही जणांवरचा गुन्हा मागे घेतला जाईल. बाबांनी त्यावर आठ दिवस विचार करून वाट काढली होती. आपण आपल्या भाषेत खरं तेच बोलायचं, म्हणजे गावापुढे आणि समुद्रापुढे तोंड राहील. साहेब हिंदीत काय सांगायचं ते सांगतील, म्हणजे पोरं सुटतील. आईला हे माहीत होतं, आत्याला नव्हतं.

“माका कोणी सांगलां नाय,” मी रडत म्हणाले.

“सांगूचा नव्हता,” बाबा म्हणाले. “तुका सांगला असता तर तू गप रवलं असतंस. आणि मगे जलमभर तुका ता खाल्ला असता.” थोडं चालून ते म्हणाले, “माका वाटला, मागच्या बायकांतसून कोणाक हिंदी कळाचा नाय. माजा चेडू थंय बसला हा, ह्या मी इसारलंय.”

गुन्हा मागे घेतला गेला नाही. तारखा पडत राहिल्या. दर तारखेला सात माणसं मासेमारीचा दिवस बुडवून कोर्टाच्या आवारात बसायची. मोहनचा पासपोर्ट पोलिसांच्या शेऱ्यापाशी अडला तो अडलाच आणि मुंबईच्या माणसाने ती जागा दुसऱ्याला दिली. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी आत्या चुलीपुढे बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती वर न बघता म्हणाली, “तुका मीच उठयलंय. तू बोललंस ता बरा केलंस. पण आज माज्याफुडे उभी रवा नको.” तिने आठ दिवस माझ्याशी एक शब्द काढला नाही. नवव्या दिवशी नेहमीसारखी केस विंचरायला बोलावलं, आणि नेहमीपेक्षा जरा जोरात विंचरले.

समितीने काय लिहिलं ते आम्हाला कोणी दाखवलं नाही. बऱ्याच काळाने वर्तमानपत्रात बातमी आली की तसे परवाने देणं दिल्लीने थांबवलं आहे. बाबांनी ती चार ओळींची बातमी मला दोनदा वाचायला लावली. “इतक्याच वळी?” ते म्हणाले. काही मोसम बरे गेले. मग बोटी परवान्याशिवाय यायला लागल्या आणि आता तर डोळे दिपवणारे दिवे लावून येतात. दिल्ली अजून मुंबईकडे बोट दाखवते, मुंबई दिल्लीकडे. गुन्ह्याचा निकाल लागला तेव्हा बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तक्रारदार मालक एकाही तारखेला आला नव्हता. सातही जण निर्दोष सुटले. मोहनचं वय बोटीवरच्या नोकरीच्या पलीकडे गेलं होतं. बाबांमागून तोच तांडेल झाला.

हे प्रकरण लिहायला घेतल्यावर मी त्याला भेटायला गेले. तो होडीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत होता. इतकी वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते विचारलं. मोहन, माझा राग येतो का रे?

“येय होतो,” त्याने सरळ सांगितलं. “बोटीर गेलेल्या पोरांची चिऱ्यांची घरां उभी रवली, तेव्हा तुजा तोंड बघूक नको वाटा.” सुई जाळ्यातून काढून त्याने गाठ मारली. “पण शालू, त्या दिवशी दाजीमामान ‘नाय’ म्हटल्यान असता तर? मी खाली मान घालून ताच मागी होतंय. नाय म्हण, मामा, नाय म्हण. तो होय म्हणालो.”

त्याने दोरा दातांनी तोडला.

“तेना सगळ्यांफुडे तुका खोटी पाडून माका सोडवल्यान असता,” मोहन म्हणाला, “तर मी परत तेच्या होडयेत बसलंय नसतंय.”

मग त्याने जाळ्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि ताणून धर म्हणाला. मी धरलं.